आधी बरा हो, मग घर?

पुलाखाली स्वतःशीच बोलत बसलेला, जटा वाढलेला माणूस दिसला की आपण जरा लांबून जातो. त्याच्याबद्दलची आपली मतं मात्र अगदी पक्की असतात.

‘त्याला घर नकोच असतं.’ कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या या कामातून रस्त्यावरचे हजारो मनोरुग्ण आपापल्या घरी पोहोचले. आजाराच्या भरात भलत्याच गाडीत बसून परमुलखात आलेला माणूस औषधं लागू पडली की गावाचं नाव सांगू लागतो.

‘आधी बरा होऊ दे, मग घराचं बघू.’ हा सगळ्यांत मुरलेला गैरसमज. लिथियम या मनोविकारावरच्या औषधाचंच बघा. त्याची मात्रा नेमकी लागते, वरचेवर रक्त तपासावं लागतं आणि अंगातलं पाणी कमी झालं तर त्याची विषबाधा होऊ शकते. मे महिन्यात फुटपाथवर घोटभर पाण्यासाठी वणवण करणाऱ्याला हे औषध लिहून द्यायला कोणता डॉक्टर धजेल? महिन्याचं इंजेक्शन द्यायला नर्स निघालीच, तर ती त्याला शोधणार कुठे?

न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये हा क्रमच उलटा केला. आधी भाड्याचं घर द्यायचं, मग उपचार करणाऱ्यांनी तिथे जात राहायचं. गोळ्या घेतल्या तरच घर, अशी अट नाही. पुढे कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांवर ही पद्धत तपासली. अखेरच्या सहा महिन्यांत आधी घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक सलग घरात टिकले होते, तर नेहमीच्या सेवा घेणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. आजाराची लक्षणं मात्र दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली. तेव्हा नुसती किल्ली हातात ठेवून भागत नाही, उपचार लागतातच.

‘नातेवाईक सापडले की प्रश्न मिटला.’ प्रत्येक घर दार उघडतंच असं नाही. काही जण मग मनोरुग्णालयातच म्हातारे होतात. अशांसाठी चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने ‘होम अगेन’ उभं केलं. साध्या वस्तीत भाड्याचं घर, त्यात चार-पाच जण आणि मदतीला कार्यकर्ती. आज वांगी करायची की भेंडी, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. वर्षानुवर्षं वॉर्डातलं ताट पुढ्यात आलेल्या माणसाला एवढं ठरवणंही सुरुवातीला जड जातं. रत्नागिरीतही अशी घरं झाली आहेत.

‘ही सगळी दानधर्माची कामं.’ मुळीच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १९ म्हणतं : कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. आपल्याकडे कायदा झाला, पण तशी घरं फार थोडी झाली. हे सरकारचं अपयशच म्हणायला हवं.

याच कायद्याचं कलम १०० तर तुमच्या-आमच्या कामाचं आहे. स्वतःची काळजी घेता न येणारा मनोरुग्ण भटकताना आढळला तर त्याला संरक्षण देणं आणि २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याला कोठडीत मात्र ठेवता येत नाही. असं कुणी दिसलं तर ११२ ला फोन करा, आणि पोलिसांनी टाळाटाळ केली तर कलमाचा आकडा सांगा.