ऐकण्याच्या यंत्राला बोलते करताना : दृष्टिहीन श्रोते आणि रेडिओ स्कॅनर

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रेडिओविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नेत्रविभागाच्या कामातच आहे. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. परंतु काचबिंदूने सुकलेली नेत्रशीर, दीर्घकाळच्या मधुमेहाने निकामी झालेले दृष्टिपटल, किंवा खाणीत अथवा शेतात डोळ्यास झालेली गंभीर इजा यांपुढे वैद्यकशास्त्राचे हात अनेकदा तोकडे पडतात. दृष्टी परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर कुटुंबीयांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग आता यांनी दिवसभर करायचे तरी काय?" हा प्रश्न औषधाचा नाही, आयुष्याचा आहे. म्हणूनच रुग्णालयाने त्याकडे पाठ फिरवू नये, असे आम्हांस वाटते.

अशा व्यक्तीच्या हाती सर्वप्रथम जे यंत्र दिले जाते, ते बहुधा रेडिओ होय. ऐकण्यासाठी डोळ्यांची गरज नाही, ही त्यामागची साधी समजूत. परंतु अलीकडच्या अनेक संचांच्या बाबतीत ती खरी ठरत नाही. ते का, आणि त्यावर उपाय कोणते, हे रेडिओ स्कॅनर या यंत्राच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

स्कॅनर म्हणजे काय?

रुग्णालयात 'स्कॅन' म्हटले की सीटी स्कॅन आठवतो; येथे तो अभिप्रेत नाही. रेडिओ स्कॅनर हा एक प्रकारचा रेडिओच होय. साध्या रेडिओवर आपण एक केंद्र लावतो आणि तेच ऐकत बसतो. स्कॅनरमध्ये अनेक फ्रिक्वेन्सी साठवून ठेवता येतात. यंत्र त्या एकामागून एक वेगाने तपासते. जेथे आवाज सापडेल तेथे थांबते, आणि बोलणे संपले की पुन्हा पुढे निघते. गावातील रात्रीचा पहारेकरी प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबून कानोसा घेतो, तसेच हे काम आहे. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरील खरखर बंद ठेवणारी 'स्क्वेल्च' नावाची कळ, नको असलेली फ्रिक्वेन्सी वगळण्याचे बटण आणि साठवलेल्या फ्रिक्वेन्सींचे वेगवेगळे गट, ही त्याची मुख्य अंगे होत.

अमेरिकेसारख्या देशांत अग्निशमन दल, विमाने, जहाजे व हौशी रेडिओचालक यांचे संभाषण अशा यंत्रांवर ऐकणारा मोठा वर्ग आहे, आणि त्यात दृष्टिहीन श्रोतेही आहेत. याचे कारण समजण्यासारखे आहे. डोळस माणूस खिडकीतून बाहेर पाहतो आणि जगाची हालचाल त्याला कळते. दृष्टिहीनासाठी ती खिडकी कानात असते.

अडचण कोठे आहे?

जुन्या रेडिओच्या काळी ही अडचण नव्हती. नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्यानंतरची अनेक दशके घरोघरी जे संच होते, त्यांना चालू-बंद करण्याची व आवाजाची एक गोल कळ आणि केंद्र लावण्याची दुसरी गोल कळ असे. कळ दोन्ही टोकांना अडत असे. त्यामुळे या टोकापासून किती फिरवले की नागपूर लागते, हे बोटांना पाठ होई. हा संच कोणी दृष्टिहीनांसाठी बनविला नव्हता. तरी तो त्यांना चालविता येत होता.

पुढे आकड्यांचे पडदे आले. गोल कळ अखंड फिरू लागली. तिला आरंभ नाही, शेवट नाही. एकाच बटणाला तीन-तीन कामे देण्यात आली, आणि त्यातले कोणते काम चालू आहे हे केवळ पडद्यावर दिसू लागले. स्कॅनरमध्ये तर ही गैरसोय पराकोटीला गेली. यंत्र कोठे थांबले, कोणाचा आवाज आहे, कोणता गट चालू आहे, बॅटरी किती उरली, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर यंत्र अक्षरांत देते. ज्या यंत्राचे सारे काम ऐकविण्याचे, त्याने स्वतःविषयी मात्र एक शब्दही बोलू नये, अशी ही विसंगती आहे. तेव्हा दृष्टिहीन श्रोत्याची अडचण केवळ त्याच्या दृष्टीत नाही. ती यंत्राच्या रचनेत आहे, आणि म्हणूनच ती दूर करता येते.

चार प्रकारचे उपाय

पहिला उपाय स्पर्शाचा. आकड्यांच्या बटणांत पाचच्या बटणावर उंचवटा असला की उरलेली बटणे बोटांना सापडतात. महत्त्वाच्या बटणांवर चिकटवावयाचे उंच ठिपके मिळतात. ते न मिळाल्यास घट्ट वाळणाऱ्या डिंकाचा थेंबही चालतो. परंतु सर्वच बटणांवर ठिपके लावले तर एकही ओळखू येत नाही, तीन-चार पुरेत. येथे एक वैद्यकीय बाब लक्षात ठेवावयास हवी. मधुमेहाने ज्यांची दृष्टी गेली, त्यांपैकी काहींच्या बोटांची संवेदनाही मंदावलेली असते. त्यांना ठिपक्यांचा उपयोग कमी होतो. त्यांच्यासाठी पुढील उपाय अधिक उपयोगी.

दुसरा उपाय ध्वनीचा. बटण दाबल्यावर एक 'टिक' झाली तर सोय चालू झाली, दोन झाल्या तर बंद झाली, यादीच्या टोकाशी वेगळा सूर, एवढी व्यवस्था असली तरी माणूस वाट चुकत नाही. या विचाराला मोठी परंपरा आहे. न्यूयॉर्क येथील दृष्टिहीनांच्या शाळेत शिकविणारे रॉबर्ट गुंडरसन हे स्वतः दृष्टिहीन व रेडिओतज्ज्ञ होते. विद्युत मोजमापाचा काटा डोळ्यांनी न पाहता कानांनी वाचता यावा, अशी साधने त्यांनी तयार केली. स्पर्शाने वाचता येणारी तबकडी फिरवत जावयाची, आणि ज्या खुणेपाशी सूर नाहीसा होईल ते मोजमाप समजावयाचे, असे त्यांचे तत्त्व. १९५० च्या दशकात ते 'ब्रेल टेक्निकल प्रेस' हे नियतकालिक चालवीत. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात 'हँडीहॅम' हा उपक्रम सुरू झाला व दिव्यांग व्यक्तींना हौशी रेडिओचे शिक्षण मिळू लागले.

तिसरा उपाय वाणीचा. बटण दाबताच यंत्राने फ्रिक्वेन्सी बोलून सांगावी, हे काही स्वप्नरंजन नव्हे. जपानच्या आयकॉम कंपनीच्या आर-७५ या रिसीव्हरमध्ये यूटी-१०२ हा बोलणारा सुटा भाग बसविता येत असे. केनवूड कंपनीच्या २०१६ मध्ये आलेल्या टीएच-डी७४ या हातातील संचात तर बोलण्याची सोय मुळातच होती. अर्थात, बोलणारा सुटा भाग वेगळ्या किमतीस घ्यावा लागतो तेव्हा दृष्टिहीन ग्राहकाला त्याच संचासाठी डोळस ग्राहकापेक्षा अधिक पैसे मोजावे लागतात, हेही येथे नोंदविले पाहिजे.

चौथा उपाय संगणकाचा. अनेक स्कॅनर तारेने संगणकास जोडता येतात. मग फ्रिक्वेन्सींची यादी संगणकावर तक्त्याच्या रूपात भरता येते, आणि स्क्रीन रीडर म्हणून ओळखली जाणारी आज्ञावली तो तक्ता ओळीने वाचून दाखविते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स तेह या दोघा दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून विकसित केलेली 'एनव्हीडीए' ही आज्ञावली विनामूल्य आहे, आणि तिच्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा आवाज मराठीही वाचतो. त्यातच, दूरचित्रवाणीसाठी बनविलेल्या अंगठ्याएवढ्या एका उपकरणाने संगणक स्वतःच रेडिओ होऊ शकतो, हे २०१२ च्या सुमारास लक्षात आले. अशा ठिकाणी यंत्राची सर्व बटणे पडद्यावर असतात. ती केवळ माऊसने दाबता येत असतील तर दार पुन्हा बंद; कीबोर्डने दाबता येत असतील तर उघडे.

मराठी कानासाठी एक सूचना

यंत्राने मराठीत बोलावे ही अपेक्षा रास्त आहे. परंतु संख्या कशा उच्चाराव्यात, याचा विचार आवश्यक आहे. 'त्रेचाळीस', 'पंचेचाळीस', 'सत्तेचाळीस' या शब्दांचा शेवट सारखाच आहे. फरक केवळ आरंभी. खरखरीत तो आरंभ हरवला की संख्या बदलते. त्यामुळे '१४५.२५' हे यंत्राने 'एक, चार, पाच, दशांश, दोन, पाच' असे सुटे आकडे उच्चारून सांगणेच योग्य. शिवाय माजरी हा कोळसा खाणींचा परिसर. वर्षानुवर्षे यंत्रांच्या गोंगाटात काम केलेल्यांची श्रवणशक्ती, विशेषतः उंच स्वर ऐकण्याची, कमी झालेली असू शकते. म्हणून बोलण्याचा वेग व स्वराची उंची कमी-अधिक करता आलीच पाहिजे. दृष्टी गेलेल्या रुग्णाची कानांची तपासणी करून घेणे, ही कोणताही संच विकत घेण्याच्या आधीची पायरी होय.

कायद्याची मर्यादा

येथे एक सावधगिरीची सूचना. आकाशवाणी व इतर प्रसारण केंद्रे ऐकावयास आपल्या देशात आता परवाना लागत नाही. परंतु पोलीस, रेल्वे, खाणी वा अन्य सेवांचे आपसांतील संभाषण ऐकणे सर्वसामान्य नागरिकास अनुज्ञेय नाही, आणि बिनतारी संच परवान्याविना बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो. परदेशातून भेट म्हणून आलेला स्कॅनरही यास अपवाद नाही. ज्यांना या क्षेत्राची खरी आवड आहे, त्यांनी दूरसंचार विभागाची हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना घ्यावा, हा राजमार्ग आहे. इतरांसाठी अनेक केंद्रे साठवून ठेवणारा व ती आपोआप शोधणारा साधा रेडिओ पुरेसा आहे. स्कॅनरविषयी वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यालाही तंतोतंत लागू पडते.

आपल्या भागात

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जंगल मोठे आणि वस्त्या विरळ. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांतील सर्वच गावांत मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही. तेथे बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओचे मोल निराळेच. जेथे इंटरनेट पोहोचते, तेथे आणखी एक सोय झाली आहे. १९२८ मध्ये स्थापन झालेली नागपूरची 'द ब्लाइंड रिलीफ असोसिएशन' व 'सक्षम' ही संस्था यांनी मिळून २०२२ मध्ये 'रेडिओ अक्ष' ही दृष्टिहीनांसाठीची इंटरनेट वाहिनी सुरू केली. शेजारच्या वरोरा तालुक्यात आनंदवनातील अंध विद्यालयाची परंपरा आहे. म्हणजे ऐकण्यासारखे आणि शिकविणारे दोन्ही जवळ आहेत. उणीव आहे ती हाताला कळेल अशा संचाची.

कायदाही आता यामागे उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, यासाठी शासनाने उपाय करावयाचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेचे अनिवार्य निकष ठरविण्याचा आदेश दिला, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात डिजिटल सेवांची सुगम्यता हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

कुटुंबीयांस व देणगीदारांस

कुटुंबीयांनी तीन गोष्टी पाळाव्यात. संचाची जागा ठरवून द्यावी व ती परस्पर बदलू नये. पहिल्याच दिवशी सर्व बटणे न शिकविता चालू-बंद, आवाज आणि एक आवडते केंद्र एवढेच शिकवावे. आणि बटण सापडण्यास वेळ लागला म्हणून आपण पुढे होऊन ते दाबू नये. छपरावरून अँटेना आणली असल्यास पावसाळ्यात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच ती संचापासून सोडवावी. हे काम मात्र घरातील डोळस व्यक्तीने करावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड यांसाठीचा अर्जही लवकर करावा. केंद्र शासनाच्या 'ॲडिप' या सहायक साधनांच्या योजनेसाठी ते उपयोगी पडते.

देणगीदारांना विनंती अशी की, दृष्टिहीनांसाठी कोणतेही यंत्र भेट देण्यापूर्वी ते दुकानातच एकदा डोळे मिटून चालवून पाहावे. चालू झाले का, आवाज वाढला का, हवे ते केंद्र लागले का, आणि चुकल्यास मूळ जागी परतता आले का? या चार प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील तरच ते घ्यावे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने खर्चाची भाषा मला अधिक कळते. त्या भाषेत सांगावयाचे तर यंत्राची किंमत पावतीवर लिहिलेली असते, परंतु त्याचे मूल्य ते किती दिवस वापरले गेले यावरून ठरते. न चालविता आल्याने आठवड्याभरात फळीवर गेलेला भारी संच हा खर्च होय. दोन गोल कळांचा, रोज वाजणारा स्वस्त संच ही गुंतवणूक होय.

गेलेली दृष्टी परत आणणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. परंतु आपल्याला हवे ते केंद्र, हव्या त्या वेळी, कोणाला हाक न मारता स्वतः लावण्याचा अधिकार त्या व्यक्तीस परत देणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. या कामी आपले सहकार्य लाभावे, ही नम्र विनंती.