उपग्रहाची दृष्टि आणि आपलें पाणी

श्रीपूरच्या आसमंतांतील उंसाचे हिरवे फड पाहिले म्हणजे सोलापूर जिल्हा अवर्षणाचा प्रदेश आहे, याचा क्षणभर विसर पडतो. ही हिरवळ केवळ पावसाच्या जिवावर उभी नाहीं. ती कालवे, नद्या व विहिरी यांच्या पाण्यावर उभी आहे. तें पाणी किती शिल्लक आहे व कोणत्या स्थितींत आहे, हें एका बांधावर उभें राहून कोणासही सांगतां येणार नाहीं. त्याकरितां सबंध प्रदेश एकदम पाहणारी दृष्टि हवी. ती मनुष्यास कृत्रिम उपग्रहांनीं दिली आहे.

अमेरिकेनें १९७२ सालीं या कामासाठीं लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजीं सोव्हिएत अग्निबाणाच्या साहाय्यानें अंतराळांत गेला. तो सुमारें ९०४ किलोमीटर उंचीवरून फिरे आणि दर २२ दिवसांनीं त्याच भूभागावर परत येई. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी तेंच काम दर ५ दिवसांनीं करिते.

विद्यार्थिमित्रहो, इतक्या उंचीवरून पीक व पाणी कसें ओळखतां येतें, असा प्रश्न तुमच्या मनांत साहजिकच येईल. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस दिसणाऱ्या रंगांपलीकडे अवरक्त किरण असतात. ते आपणांस दिसत नाहींत. उपग्रहावरील यंत्रास मात्र दिसतात. निरोगी हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. पीक सुकूं लागलें म्हणजे हें प्रमाण बदलतें. स्वच्छ पाणी हे किरण जवळजवळ गिळूनच टाकतें. म्हणून अशा चित्रांत तें काळें दिसतें. पाण्याच्या अतिरेकानें जमीन खारवली व वर मीठ फुटलें, तर ती पांढरट चमकते.

आतां आपल्या जिल्ह्यांतील उजनीचें उदाहरण घेऊं. भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. परंतु त्यांपैकीं सुमारें ६३ अब्ज घनफूट मृतसाठा आहे. पाण्याची पातळी धरणावरच मोजतात. पाण्याचा पसारा उपग्रह दाखवितो. निरनिराळ्या पातळ्यांस पसारा किती, हें कळलें म्हणजे त्या पातळ्यांमधील पाण्याचें घनफळ काढतां येतें. धरण बांधतांना केलेल्या गणिताशीं तें ताडून पाहिलें, म्हणजे मधल्या काळांत किती गाळ भरला, याचा अंदाज होतो.

दुसरी गोष्ट याहून चिंतेची आहे. पुणें व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमा यांतून उजनींत येतें. त्यांतील पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतें. असें पाणी पानाप्रमाणें अवरक्त किरण परत फेंकूं लागतें, आणि चित्रांत काळ्या जलाशयावर वेगळे पट्टे उमटतात. सोलापूर शहर ज्या जलाशयाचें पाणी पितें, त्याचें दुखणें असें आकाशांतून दिसतें.

तथापि या दृष्टीसही मर्यादा आहेत. पावसाळ्यांत ढग आड येतात. त्यावर उपाय म्हणून रडारच्या लहरी वापरणारे उपग्रह आहेत. भारत व अमेरिका यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघाला, तो याच जातीचा. पाणी पिण्यास योग्य आहे किंवा नाहीं, हें मात्र बाटलींत नमुना घेऊन तपासल्यावांचून कळत नाहीं. चित्रांतील प्रत्येक खूण जागेवर जाऊन पडताळावी लागते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, उपग्रह गटाराचें तोंड बंद करीत नाहीं, कीं शेतास दिलेलें जास्तीचें पाणी थांबवीत नाहीं. तो पहारेकरी आहे. हांक ऐकून उठणें हें घरच्या माणसांचें काम आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचें ‘भुवन’ हें नकाशाचें दालन सर्वांस खुलें आहे. पालकांनीं मुलांसह त्यांत आपलें गांव शोधावें. मुलांनीं आपल्या विहिरीच्या पाण्याची पातळी दरमहा मोजून वहींत टिपावी. उपग्रहास विहिरीचा तळ दिसत नाहीं. तो तुम्हांस दिसतो. दोन्ही नोंदी एकत्र ठेविल्या, तरच आपल्या पाण्याचा हिशेब पुरा होईल.