गिझर का विझतो?

न्हाणीघरातला गॅसचा गिझर मध्येच विझला, की आपण चरफडत तो पुन्हा पेटवतो. पण श्रोतेहो, तो विझला का, हे आधी पाहावे. कारणे बहुधा साधी असतात. ठिणगी पाडणारे सेल उतरलेले असतात, सिलिंडर संपत आलेला असतो किंवा जाळीत कचरा अडकून पाण्याचा जोर घटलेला असतो. जोर घटला की आतली झडप गॅस बंद करते; तसे न झाले तर नळी जळेल. कित्येक गिझर तर सुमारे 20 मिनिटांनी मुद्दामच बंद होतात.

हा पहारा कशासाठी? कोंदट खोलीत प्राणवायू कमी पडला, की गॅस अर्धवट जळतो, निळी ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखू लागले, गरगरले, तर तत्काळ मोकळ्या हवेत यावे. गिझर न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत बसवावा. आणि तो वारंवार विझतो म्हणून त्याची सुरक्षेची कळ मात्र कधीही निकामी करू नये.