तांबडे राक्षसी तारे आणि न तुटणारी नोंद

तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा तारा काही आठवडे नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो आणि मग महिनोन्महिने दिसेनासा होतो. डेव्हिड फॅब्रिशियसने 1596 च्या ऑगस्टमध्ये तो पहिल्यांदा टिपला. त्याचे एक आवर्तन सरासरी 332 दिवसांचे. तेजाच्या तिसऱ्या प्रतीच्या आसपासचा हा तारा नवव्या प्रतीपर्यंत उतरतो, म्हणजे दृश्य प्रकाश सुमारे अडीचशे पटींनी घटतो. एवढी ऊर्जा जाते कुठे? ती फारशी जातच नाही. वार्धक्यात फुगलेला हा तारा स्पंदन पावतो. बाहेरचे थर थंडावले की त्यांत टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू तयार होतात आणि दृश्य प्रकाश अडवतात. शिवाय थंडावलेल्या ताऱ्याचा बराचसा प्रकाश अवरक्त पट्ट्यात सरकतो. एकूण ऊर्जा मोजली तर फरक दोन-तीन पटींचाच भरतो.

हे चढउतार महिनोन्महिने चालतात, म्हणूनच माझे म्हणणे असे, की अशा तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या अभ्यासात दुर्बिणीच्या आकारापेक्षा नोंदीची लांबी मोलाची आहे. वासुकी तारकासमूहातला आर हायड्री पाहा. 1700 च्या सुमारास त्याचे आवर्तन जवळपास 495 दिवसांचे होते. 1950 पर्यंत ते 385 दिवसांवर आले. ताऱ्याचे स्पंदनच आपल्या इतिहासाच्या वेगाने बदलत गेले, ही विलक्षण गोष्ट कोणत्याही एका रात्रीच्या निरीक्षणातून, दुर्बीण कितीही मोठी असली तरी, कळली नसती. ती कळली पिढ्यान् पिढ्यांच्या वह्यांमुळे.

अशी वही नांदेड जिल्ह्यातल्या उमरीतही ठेवता येईल, आणि ते इथल्या इतिहासाला परके नाही. 1948 पर्यंत उमरी निजामाच्या राज्यात होती. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये निजामिया वेधशाळा उभारली. तिथल्या 15 इंची ग्रब दुर्बिणीतून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांचे वेध घेतले जात. पुढे भारतीय खगोलशास्त्राचे अध्वर्यू ठरलेले वेणू बाप्पू यांचे वडील तिथेच कामाला होते.

डोळ्याच्या अंदाजाला काय किंमत, असा आक्षेप येईल. पद्धत अशी: मीरेच्या शेजारचा गॅमा सेटी साडेतीन प्रतीचा, डेल्टा सेटी सुमारे चार प्रतीचा. मीरा पहिल्यापेक्षा मंद आणि दुसऱ्यापेक्षा किंचित तेजस्वी वाटली, की 3.8 लिहायचे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले तर तो उगाच उजळ भासतो. म्हणून झटकन नजर टाकायची. चूक दोन-तीन दशांशांची राहतेच, पण सहा प्रतींच्या चढउतारात ती बुडून जाते. सूक्ष्म थरथरीचे तारे मात्र यंत्रांनाच सोपवावेत. केप्लर अवकाश दुर्बिणीने अशा हजारो राक्षसी ताऱ्यांची स्पंदने टिपली आणि त्यांवरून त्यांच्या गाभ्यात काय चालले आहे ते ओळखता आले. तिथे डोळ्याचा काही पाड नाही.

पण केप्लरची मुख्य मोहीम चार वर्षांची, म्हणजे मीरेची जेमतेम चार आवर्तने. स्वयंचलित सर्वेक्षणे मंद ताऱ्यांसाठी बांधलेली असतात, तेजस्वी ताऱ्याने त्यांचे संवेदक भरून जातात. पावसाळ्याची अडचण खरी. एप्रिलअखेर सूर्याजवळ गेलेली मीरा पुन्हा पहाटे वर येते तोवर मराठवाड्यावर ढग दाटतात. त्या महिन्यांचे आकडे कोरड्या आकाशाच्या देशांतले निरीक्षक देतात. अमेरिकेतल्या रूपविकारी तारा निरीक्षकांच्या संघटनेकडे 1911 पासून जगभरच्या नोंदी एकत्र होत आल्या आहेत. दिवाळीपासून माघापर्यंतच्या स्वच्छ रात्री उमरीच्या वाट्याच्या, आणि त्या वहीत तारीख, वेळ, तुलनेचे दोन तारे व अंदाजलेली प्रत एवढे चार रकाने पुरतात.