थ्री-नॉट-थ्रीची फट

एनसीसीच्या परेडला खांदा दुखवणारी थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एनफिल्ड. (कॉन्व्हेंटचं मराठी आहे, सांभाळून घ्या!) मॉझरच्या बोल्टचे लग्ज पुढे असतात, हिचे मागे. म्हणून बोल्ट कमी ओढावा लागतो, हात भराभर चालतो.

आपल्याकडे हा बोअर प्रोहिबिटेड. इंग्लंड-अमेरिकेत मात्र लोक अशा जुन्या रायफली जमवतात, दुरुस्त करतात. लाकडाला जवसाचं तेल चोळणं सोपं. खरी मेख हेडस्पेसची, म्हणजे बोल्टचं तोंड आणि बॅरलची मागची कड ह्यांमधली फट. काडतुसाची रिम तिथेच बसते. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट घातला की फट बदलते. ती फार वाढली तर केस फाटून गरम गॅस थेट तोंडावर! म्हणून आधी बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का ते बघायचं, मग गेज लावायचा. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमधलं गो, नो-गो हेच की!

महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या कित्येक रायफलींचं पुढचं लाकूड कापून लोकांनी शिकारीच्या बंदुका केल्या. आता अस्सल रायफलीला जास्त भाव, आणि तेच लोक जुनं लाकूड शोधत फिरतात.