नागराजाचे चित्रकार

मुलांच्या हातीं कॉमिक्सचें पुस्तक दिसलें कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते, हा बहुतेक सुशिक्षित कुटुंबांतील अनुभव आहे. त्याच घरांत ‘अमर चित्र कथे’चे अंक मात्र कपाटांत नीट जपून ठेवलेले असतात. एक प्रकार विद्येचा व दुसरा वेळ दवडण्याचा, असा आपण भेद करितों. परंतु ह्या दोन्ही प्रकारांत एकाच पुणेकर चित्रकाराचा हात वावरला आहे, हें किती गृहस्थांस ठाऊक असेल? प्रताप मुळीक हें त्यांचें नांव होय.

अनंत पै यांनीं १९६७ सालीं ‘अमर चित्र कथा’ ही माला सुरू केली. तींतील ‘राम’ व ‘शिवाजी’ ह्या पुस्तकांचीं चित्रें मुळीक यांचीं आहेत. ‘शिवाजी’ची संहिता ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांची होती. भागवतांचें नांव आपल्या घरोघरीं आदरानें घेतलें जातें. परंतु ज्यांनीं महाराजांची मूर्ति पानापानांवर उभी केली, त्यांची कोणी फारशी विचारपूस केली नाहीं.

पुढें १९८० नंतरच्या दशकांत मुळीक पौराणिक वीरांकडून आधुनिक अद्भुत वीरांकडे वळले. प्रसिद्ध नट अमिताभ बच्चन यांस नायक कल्पून ‘सुप्रीमो’ नांवाची जी चित्रमाला निघाली, तिचीं चित्रें त्यांनींच काढलीं. १९८६ सालीं दिल्लीच्या राज कॉमिक्सनें ‘नागराज’ हा वीर वाचकांपुढें आणिला. लेखक परशुराम शर्मा आणि चित्रकार मुळीक. दुष्ट प्राध्यापक नागमणि यानें शस्त्र म्हणून निर्माण केलेला, अंगांत असंख्य सूक्ष्म सर्प बाळगणारा हा पुरुष बाबा गोरखनाथांच्या कृपेनें मुक्त होतो व दहशतवाद्यांचा नाश करण्याचें व्रत घेतो, अशी ती कथा. नाथपंथाची परंपरा जेथें घरोघरीं परिचित आहे, त्या आपल्या प्रांतास ही कल्पना सर्वथा परकी वाटण्याचें कारण नाहीं.

हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. हिरव्या खवल्यांचा मनुष्य, ज्याच्या मनगटांतून साप निघतात, तो थोडा चुकला तर हास्यास्पद ठरावयाचा. मुळीक यांच्या हातीं तो भारदस्त वाटतो, कारण त्या खवल्यांखालीं खऱ्या माणसाचे स्नायु व सांधे आहेत. तोच चेहरा समोरून, पाठीमागून, वरून, खालून शेंकडों चौकटींत काढावयाचा, आणि प्रत्येक वेळीं ओळखूं आला पाहिजे. शिवाय संवादांस जागा सोडावयाची व वाचकाची दृष्टि एका चौकटींतून दुसरींत न अडखळतां न्यावयाची. कागद हलका, रंगांची छपाई बेताची. तेव्हां सारा भार रेषेवर. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत म्हटलें आहे कीं, सामान्य जनांस रंग आवडतो, परंतु आचार्य रेषेचीच प्रशंसा करितात. ह्या कसोटीस लावून पाहिलें तर मुळीक यांचें काम उतरतें, असें आमचें मत आहे.

आमच्या रिसोडसारख्या तालुक्याच्या गांवींहि हीं हिंदी पुस्तकें येत आणि एक प्रत दहा घरें फिरे. अध्यापन करीत असतां आम्हीं पाहिलें कीं, ज्या मुलांस चित्रकलेच्या तासास कंटाळा येई, तींच वहीच्या शेवटल्या पानावर नागराजाची आकृति तासन् तास घोटीत बसत. हात वळविण्याचें जें काम शाळेस साधत नव्हतें, तें ह्या पुस्तकांनीं कांहीं अंशीं साधलें.

आपल्या जिल्ह्याचें ठाणें वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ह्याच शाखेंतील राजा हरिषेण याचा प्रधान वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें. त्या लेण्याच्या पायऱ्या चढतांना नागराजाची बसलेली मूर्ति दिसते व आंत भिंतींवर कथा चितारलेल्या आहेत. शिलालेखांत राजाचें नांव आहे, प्रधानाचें आहे, चित्रकाराचें नाहीं. दीड हजार वर्षांनंतर आपल्या भाषेंतील एका चित्रकारानें दुसरा नागराज रेखाटला, आणि वाचकांनीं त्याचीहि गति तीच केली.

हा दोष केवळ आपला नव्हे. अमेरिकेंत १९३८ सालीं ‘सुपरमॅन’ अवतरला. त्याचे लेखक जेरी सीगल व चित्रकार जो शूस्टर यांनीं त्याचे सर्व हक्क १३० डॉलरांस देऊन टाकिले. पुढें त्यांचीं नांवेंहि गाळलीं गेलीं. तीं परत छापलीं जावयास व दोघांस निर्वाहवेतन मिळावयास १९७५ साल उजाडलें. तेथें नांव छापण्यासाठीं झगडावें लागलें. आपल्याकडे तर तें पुस्तकांत छापलेलें असे, वाचणारा मात्र नव्हता.

पुढें नागराज अनुपम सिन्हा यांच्या हातीं गेला व त्याचें रूप पालटलें. मुळीक यांचे पुत्र मिलिंद मुळीक जलरंगांतील चित्रकार म्हणून सर्वत्र ओळखले जातात. पुत्राच्या चित्रांचीं प्रदर्शनें आवडीनें पाहणाऱ्या रसिकांनीं पित्याचीं पुस्तकेंहि एकवार उघडावीं. घरांतील जुन्या पेटींत, माळ्यावर, आतां संसारीं झालेल्या मुलांच्या सामानांत तीं अद्याप सांपडतील. रद्दींत घालण्यापूर्वीं नातवंडांस जवळ बसवावें, कथेच्या आधीं चित्रकाराचें नांव मोठ्यानें वाचावयास सांगावें, आणि मग पान उलटावें. घरांतील एखाद्या मुलाचा हात रेषेकडे वळत असेल, तर हेंहि काम मानाचें आहे हें त्यास त्या नांवावरूनच कळेल.