पाच अँपिअर, दोन सूर, सहाशेवीस मिलिमीटर

गाळप हंगामात रात्री शिरूर तालुक्यातल्या निमोण्याहून न्हावऱ्याकडे गाडी काढली की दिव्यांचं मोल कळतं. कडेला माणसापेक्षा उंच ऊस, समोर कुठेतरी शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, आणि त्याच्या मागे लाल दिवा असेलच याची खात्री नाही. त्यात हा बिबट्यांचा टापू. अशा रस्त्यावर जुनीपानी का होईना, चारचाकी चालवणाऱ्याच्या मनात तीन इच्छा येतातच: दिवे वाढवावेत, हॉर्न दमदार बसवावा आणि चाकं जरा रुंद, देखणी घ्यावीत.

तिन्ही कामं घराच्या अंगणात होण्यासारखी आहेत. पान्हे, पक्कड, टेप आणि एक साधा मल्टिमीटर एवढं भांडवल पुरतं. पण बॉनेट उघडून नीट पाहू लागलं की थक्क व्हायला होतं. आपण जी ताकद विकत आणायला निघालो, ती बरीचशी गाडीत आधीपासूनच असते. ती वाटेत सांडत असते, एवढंच.

दिव्यापासून सुरुवात करू. रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. १९७१ साली आलेला हा बल्ब अजून टिकून आहे, याचं कारण त्याच्या पोटात आहे. टंगस्टनची तार सुमारे २,९०० अंश सेल्सिअसला तापते. एवढ्या उष्णतेत टंगस्टनचे अणू तारेवरून उडू लागतात. साध्या बल्बमध्ये ते काचेवर जाऊन बसायचे आणि काच काळवंडायची. इथे बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. तो उडालेल्या अणूला गाठतो, त्याच्याशी संयुग करतो आणि तापलेल्या तारेजवळ आला की त्याला पुन्हा तिथेच सोडून देतो. म्हणजे जळता जळता बल्ब स्वतःची डागडुजी करत असतो. त्यासाठी काचही भरपूर तापलेली लागते, म्हणून ती क्वार्ट्झची असते. तिला बोटाचं तेल लागलं तर तेवढा भाग बिघडतो. बल्ब बदलताना काचेला हात लावू नको, असं मेकॅनिक बजावतो ते यासाठी.

या बल्बमध्ये दोन तारा असतात: ६० वॉटची अप्परसाठी, ५५ वॉटची डिपरसाठी. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती त्या तारेचा प्रकाश परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडूच देत नाही. वरच्या अर्ध्या भागावर पडलेला प्रकाश तेवढा रस्त्याकडे खाली झुकतो. पूर्वी आपल्याकडे समोरच्याला त्रास नको म्हणून दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवत. एच-४च्या दिव्यात डिपरचा प्रकाश मुख्यतः काचेच्या त्याच वरच्या भागातून बाहेर पडतो. म्हणजे काळा रंग नेमका कामाच्या उजेडावर फासला जायचा.

आता गळती शोधू. १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ अँपिअर, दोन दिव्यांचे १०. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह बॅटरीतून निघून बारीक वायरींनी स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो आणि तिथून परत पुढे दिव्याकडे येतो. लांब वायर, जुने सांधे, गंजलेला अर्थ. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज खर्ची पडतं. लाइनीच्या शेवटच्या टोकावरची विहिरीवरची मोटर कशी चालते, हे निमोण्यात कुणाला सांगायला नको. दिव्याचं दुखणं तेच, फक्त जास्त तीव्र. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट आणि बल्बच्या कपलरवर १२.१५ मिळाले, तर तूट १० टक्क्यांची. प्रकाश मात्र ३० टक्के घटलेला असतो! बल्ब तोच, परावर्तक तोच, आणि तीन भागांतला जवळजवळ एक भाग उजेड वायरीत मुरलेला.

उपाय म्हणजे रिले. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये जो चुंबक खटकन पट्टी ओढतो, त्याचाच हा धाकटा भाऊ. त्याच्या गुंडाळीला पाव अँपिअरही लागत नाही. जुन्या स्विचने तेवढाच प्रवाह द्यायचा. दिव्याचे १० अँपिअर बॅटरीतून फ्यूजमार्गे, जाड वायरीने, जवळच्या वाटेने थेट बल्बला जातात. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ती जर्मन मानकाची खूण आहे आणि जगभर चालते. ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८६ वर जुन्या कपलरचा इशारा आणि ८५ वर अर्थ. दिव्याला अप्पर-डिपर असल्यामुळे रिलेही दोन लागतात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडायची आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी बसवायचा. फ्यूजआधीची वायर कुठे घासली गेली, तर तिला आगीपासून वाचवणारं काहीच नसतं.

मग एलईडी का नको? मुद्दा जागेचा आहे. परावर्तकाची प्रत्येक वळणरेषा त्या काही मिलिमीटर लांबीच्या तारेला धरून आखलेली असते. तार चहूबाजूंनी उजळते, एलईडीची चिप सपाट असते. चिप तारेच्या जागेपासून जराशी सरकली, तरी प्रकाश रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांवर जातो. डब्यावर लुमेनचे डोळे दिपवणारे आकडे असतात. एच-४ची डिपरची तार मात्र जेमतेम हजारेक लुमेन देते आणि तेवढ्यात रस्ता दाखवते, कारण त्यातला बराचसा उजेड रस्त्यावर पोहोचतो.

पोहोचण्याचं गणित किती नाजूक आहे पाहा. लहान गाडीचा दिवा जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटरवर असतो आणि डिपरचा झोत बहुधा १ टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे दर मीटरला १ सेंटिमीटर. तो ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी ८० किलोमीटरने ते अंतर तीन सेकंदांच्या आत संपतं. १ टक्का म्हणजे अंशाच्या निम्म्याहून थोडं अधिक. मागच्या सीटवर तिघं बसले, डिकीत दोन पोती टाकली की गाडीचं नाक तेवढं सहज उचललं जातं आणि झोत आडवा होतो. म्हणून सपाट जागी भिंतीसमोर १० मीटरवर गाडी उभी करावी. डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. नसेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवायचा. पैसा एक खर्च होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियमही याच भूमितीत बोलतो: दिव्यापासून ८ मीटरवर, १.५ मीटर उंचीवरच्या डोळ्यांना झोताने दिपवता कामा नये.

भिंतीवर आणखी एक गंमत दिसते. झोताची कड सरळ नसते, डावीकडे ती वर चढते. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या कडेचा पायी चालणारा आणि सायकलवाला लांबून दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होऊ लागली आणि ऑस्ट्रेलिया, ब्रिटनलाही गेली. तिथेही वाहतूक डावीकडूनच चालते, त्यामुळे झोताचा चढही त्याच बाजूला. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठीचा दिवा हौसेने मागवून बसवला, तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत चढतो.

हॉर्नकडे वळू. बॉनेटखालच्या त्या चपट्या डबीत पोलादी पडदा, विद्युतचुंबक आणि संपर्काची एक जोडी एवढंच असतं. प्रवाह आला की चुंबक पडदा ओढतो. पडदा ओढला गेला की संपर्क तुटतो, चुंबक मरतो, पडदा सुटतो, संपर्क पुन्हा जुळतो. स्वतःचाच प्रवाह तोडणारं हे यंत्र सेकंदाला चार-पाचशे वेळा हा खेळ करतं आणि आपण त्याला ‘पीं’ म्हणतो.

आवाज वाढवायला दुसरा हॉर्न जोडावा, असं वाटतं. पण सारख्या ताकदीचा दुसरा हॉर्न साधारण ३ डेसिबेलच वाढवतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबेल लागतात, म्हणजे दहापट ताकद. मग कंपन्या जोडी का देतात? जोडीतल्या एकाची कंपनसंख्या साधारण ४००, दुसऱ्याची ५००. हे प्रमाण चारास पाच. संगीत शिकलेल्याने इथे कान टवकारावेत, कारण षड्ज आणि शुद्ध गंधार यांचं नातं हेच आहे! चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात कुणी न छेडता जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच प्रमाणातून उगवतो. इंजिनांच्या घरघरीत एकच सूर बुडून जातो, सुसंवादी जोडी वेगळी उठून येते. इथेही युक्ती जोराची नाही, पोहोचण्याची आहे.

कायद्याचा कान तर आणखी बारीक. ११९ व्या नियमाने एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न निषिद्ध आहे. म्हणजे सा आणि ग एकत्र वाजले तर चालतात, त्यांची धून झाली की दंड. नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये नाशिकला हॉर्नमध्ये भारतीय वाद्यांचे आवाज आणण्याची कल्पना मांडली होती. बासरीचा सूर हॉर्नमध्ये भरता येईल, पण तो गर्दीतून वाट काढेल का, हे शेवटी कंपनसंख्या आणि डेसिबेलच ठरवतील. तोवर हॉर्न घोगरा झाला असेल, तर नवा आणण्याआधी मल्टिमीटर लावावा. बहुतेकदा गंजलेला अर्थ किंवा बटणाचा जळका संपर्क सापडतो. दोन हॉर्न बसवायचेच असतील, तर त्यांनाही रिले द्यावा.

आता चाकं. टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची. उंची १३२, दोन्हीकडची मिळून २६४, त्यात रिमचे ३५५.६ मिळवले की व्यास ६१९.६ मिलिमीटर. मारुती स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला हे टायर येत, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. त्याचा हिशेब केला तर ६२१.५. आणि १९५/५५ आर १६ घेतलं तर ६२०.९. तीन रिम, तीन रुंद्या, आणि व्यासांत फरक २ मिलिमीटरचासुद्धा नाही! स्पीडोमीटर चाकांचे फेरे मोजून वेग ठरवतो, म्हणून ही एकच संख्या सांभाळायची असते. ती न पाहता १५ इंची रिमवर २०५/६५ चढवलं, तर व्यास ६४७.५ होतो. काटा ८० दाखवतो, गाडी ८३च्या वर असते.

मॅगव्हीलची हौस जुनी आहे. बुगाटीने १९२४ साली टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं बसवली, ती वजन वाचवण्यासाठी. रिमच्या कडेचं वजन गाडीबरोबर पुढेही जातं आणि गोलही फिरतं, त्यामुळे वेग घेताना तिथला १ किलो जवळजवळ २ किलोंइतका जड पडतो. दिसायला भारी पण वजनालाही भारी मॅगव्हील घेतलं, तर गाडी मंदच होणार. शिवाय १६ इंची चाकाला रबराची उंची १३२वरून १०७ मिलिमीटरवर येते. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर तेच रबर खड्डा झेलतं. पत्र्याची डिस्क वाकली तर ठोकून सरळ करता येते, ओतीव चाकाला तडा जातो.

या तिन्ही भागांना आधी प्रयोगशाळेत पास व्हावं लागतं. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेचं ते कामच आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. नियमबाह्य बदलाला आता ५,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रिले, स्वच्छ अर्थ, नीट लावलेला झोत किंवा कंपनीच्याच यादीतला टायर यांच्याकडे मात्र कुणी बोट दाखवणार नाही.

शिवाय एक सुधारणा आपल्या गाडीत होतच नाही. बिबट्याचे डोळे झोतात चमकतात, कारण त्यांच्या पडद्यामागचा थर उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. रिफ्लेक्टरची लाल पट्टी काचेच्या सूक्ष्म मण्यांनी किंवा प्रिझमांनी हेच करते. तिला वायर नको, फ्यूज नको, बॅटरी नको. ती ट्रॉलीच्या मागे चिकटवली की साध्या एच-४च्या उजेडातही लांबून पेटल्यासारखी दिसते. तेव्हा दिव्यांसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून थोडे बाजूला ठेवावेत, रिफ्लेक्टर टेपचं एक रीळ आणावं आणि शेजाऱ्याची ट्रॉली कारखान्याकडे निघण्याआधी तिला लावून टाकावं.